कन्सल्टिंगमधली नोकरी आणि रेफरल : कुणाला, कधी आणि कसं विचारावं

"तुझ्या कंपनीत आमच्या पोराचं जरा बघ की रे." पुणे-बेंगळूरहून सुट्टीला बेळगाव, खानापूर, निपाणीकडे आलेल्या नोकरदाराला हे वाक्य एखाद्या तरी लग्नात ऐकायला मिळतंच. "पाठवा काका सीव्ही," असं तोही म्हणतो. सीव्ही व्हॉट्सॲपवर जातो. कुठल्या जागेसाठी, ते कुणी लिहिलेलं नसतं. पाठवणाऱ्याला वाटतं आपलं काम झालं. ज्याला मिळाला त्याला कळत नाही की याचं नेमकं करायचं काय. दोन-तीन महिन्यांनी "मोठा झाला, ओळख विसरला" असा शेरा बसतो.

इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर, हैदराबाद, मडगाव, कुठंही गेलं तरी थोड्याफार फरकानं हेच चालतं. कन्सल्टिंगच्या नोकरीत मात्र हा गोंधळ जास्त महाग पडतो. तिथं अर्ज भरपूर आणि जागा मोजक्या असतात. मुलाखतीत नकार आला तर त्याच कंपनीत पुन्हा अर्ज करायला ठरावीक काळ थांबावं लागतं आणि स्ट्रॅटेजी कंपन्यांत हा काळ वर्ष-दोन वर्षांचाही असतो. त्यामुळे रेफरल म्हणजे काय, ते काय करू शकतं आणि काय नाही, हे आधी समजून घेतलेलं बरं.

वशिला नव्हे, शब्द टाकणं

मराठीत दोन वेगळ्या गोष्टींना दोन वेगळे शब्द आधीपासून आहेत. वशिला म्हणजे लायकी बघायच्या आधीच जागा पक्की करणं. शब्द टाकणं म्हणजे "या माणसाकडे एकदा नीट बघा" असं सांगणं. रेफरल दुसऱ्या प्रकारात मोडतं. कंपनीतला कर्मचारी अंतर्गत पोर्टलवर उमेदवाराचं नाव, ईमेल आणि सीव्ही भरतो, किंवा त्याला अर्जाची खास लिंक पाठवतो. अर्जावर 'कर्मचाऱ्यानं सुचवलेला' अशी खूण बसते. भरती विभागाकडे येणाऱ्या ढिगातून तो कागद उघडला जाण्याची शक्यता वाढते. पुढची चाचणी, केस मुलाखत, भागीदारांशी बोलणं या सगळ्यात रेफरलला जवळजवळ काही किंमत नसते. सुचवणारा माणूस मुलाखत घेणाऱ्यांत सहसा नसतोच आणि अर्ज कुठपर्यंत पोचला याचं त्रोटक उत्तर सोडून त्यालाही फारसं काही दिसत नाही.

ओळखीनं नोकरी लावण्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगार भरायचं काम जॉबर करायचा आणि तो आपल्या गावचा, नात्यातला माणूस आधी घ्यायचा. कोकणातली कितीतरी घरं त्या ओळखीवर गिरणगावात उभी राहिली. गोव्याच्या खलाशांचे मुंबईतले कूडही गावावरून ओळखले जायचे. मुक्काम, जेवण आणि बोटीवरच्या कामाची खबर, सगळं तिथंच मिळायचं. जॉबरच्या हातातली सत्ता इतकी वाढली, की १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघटनेला बदली कामगारांच्या नोंदणीची वेगळी पद्धत आणावी लागली. आजच्या रेफरलमध्ये ही सत्ता मुद्दामच काढून घेतलेली आहे. सुचवायचं काम कर्मचाऱ्याचं, निवडायचं काम दुसऱ्याचं.

मग कंपन्या हे चालवतातच कशाला, आणि वर बक्षीसही का देतात? चांगल्या कर्मचाऱ्याला चांगली माणसं माहीत असतात, हे पहिलं कारण. सुचवताना तो स्वतःची पत पणाला लावतो, हे दुसरं. या दुसऱ्या कारणाबद्दल लोरी बीमन आणि जेरेमी मॅग्रुडर या अर्थतज्ज्ञांचा कोलकात्यात केलेला एक प्रयोग वाचण्यासारखा आहे. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना एका छोट्या कामासाठी ओळखीतला माणूस आणायला सांगितलं. काहींना माणूस आणल्याबद्दल ठरलेले पैसे मिळणार होते, तर काहींचे पैसे आणलेल्या माणसाच्या कामगिरीवर ठरणार होते. दुसऱ्या गटातल्या लोकांनी नातेवाईक कमी आणले आणि सोबत काम केलेली माणसं जास्त. स्वतःच्या खिशाचा प्रश्न आला की "आत्याचा मुलगा" मागे पडतो आणि "आमच्या सेक्शनमधला तो हुशार पोरगा" पुढे येतो.

लग्नाच्या पंगतीतला शब्द का पडून राहतो, याचं उत्तर यातच आहे. नातेवाईकाला उमेदवाराचं काम माहीत नसतं. रेफरलच्या फॉर्ममध्ये "तुम्ही या व्यक्तीला कसं ओळखता? सोबत काम केलं आहे का? त्यांची कोणती गोष्ट तुम्हाला या जागेसाठी योग्य वाटते?" असले प्रश्न असतात. तिथं "आमच्या मावशीच्या शेजारचे" एवढंच लिहायला लागलं, की ते रेफरल असून नसल्यासारखं.

कन्सल्टिंग म्हणजे एकच दुकान नाही

रेफरलचा उपयोग कंपनीच्या जातीप्रमाणे बदलतो, म्हणून थोडं त्याबद्दल. मॅकिन्सी, बीसीजी आणि बेन या स्ट्रॅटेजी कंपन्या. त्यांची मुळं अनुक्रमे १९२६, १९६३ आणि १९७३ ची. डेलॉइट, ईवाय, केपीएमजी आणि पीडब्ल्यूसी हे 'बिग फोर'. ऑडिट, कर आणि सल्ला अशी तिन्ही कामं एका छताखाली. तिसरा गट ॲक्सेंचरसारख्या तंत्रज्ञानाच्या अंगानं जाणाऱ्यांचा. याशिवाय एकाच क्षेत्रात खोल गेलेल्या कंपन्या असतात. औषध कंपन्यांसाठी काम करणाऱ्या झेडएसचं पुण्यात मोठं कार्यालय आहे. हैदराबादेत डेलॉइटचा पसारा इतका आहे, की तिथल्या मराठी घरांत त्या नावाचा एखादा तरी माणूस निघतो.

स्ट्रॅटेजी कंपन्यांची सुरुवातीच्या पातळीवरची भरती मुख्यतः आयआयएम, आयएसबी, आयआयटी अशा ठरलेल्या संस्थांतून होते. इंदूरला १९९६ पासून आयआयएम आहे, हैदराबादेत २००१ पासून आयएसबी. तिथं शिकणाऱ्याला रेफरलची फिकीर कमी. प्लेसमेंटच्या दिवसाची रांग वेगळी असते आणि कॅम्पसमधून होणाऱ्या भरतीत बाहेरून शब्द टाकून फारसं काही हलत नाही. प्रश्न आहे तो बाकीच्यांचा. बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आहे, पण त्या विद्यापीठाच्या साध्या महाविद्यालयातून निघालेल्या मुलाला कॅम्पसच्या रांगेतून या कंपन्यांपर्यंत जायची वाट नसते. त्याच्यासाठी रस्ता बाहेरून अर्ज करण्याचा, आणि त्या रस्त्यावर कागद वाचला जाण्याची सर्वांत मोठी आशा रेफरल हीच. सीमाभागातल्या मराठी मुलांची अडचण दुहेरी आहे. मोठ्या महाविद्यालयाचा शिक्का नाही आणि घरात, गल्लीत, मंडळात त्या कंपन्यांतली माणसंही थोडी.

बिग फोर आणि तंत्रज्ञानवाल्यांकडे चित्र जरा सैल आहे. वर्षभर जागा निघतात, दोन-चार वर्षांचा अनुभव असलेले लोक घेतले जातात आणि कर्मचाऱ्यांची संख्या मोठी असल्यानं ओळखीचा माणूस सापडतोही. रेफरल सगळ्यात जास्त कामाला येतं ते इथं.

माणूस शोधायचा कुठं

जवळची माणसं नोकरीच्या कामाला फारशी येत नाहीत, हे विचित्र वाटलं तरी जुनं निरीक्षण आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी बोस्टनजवळच्या एका उपनगरातल्या नोकरदारांना विचारलं, की ज्याच्याकडून नोकरीची खबर मिळाली त्याला तुम्ही किती वेळा भेटायचा. वारंवार भेटणारे सहातला जेमतेम एक निघाले. अर्ध्याहून जास्त लोक अधूनमधून भेटणारे आणि बाकीचे क्वचित दिसणारे. कारण सोपं आहे. जवळच्या मित्राला जे माहीत ते आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी जरा लांबून येते. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी वापरकर्त्यांवर ५ वर्षं झालेल्या प्रयोगांचा निष्कर्ष आला. त्यातही नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी ठरली ती मध्यम ओळख, म्हणजे अगदी घट्ट नाही आणि अगदी अनोळखीही नाही.

अशी मध्यम ओळख सीमेपलीकडच्या मराठी माणसाकडे वाटते त्यापेक्षा जास्त असते. महाविद्यालयातले चार-पाच वर्षं पुढचे विद्यार्थी ही पहिली जागा. लिंक्डइनवर महाविद्यालयाच्या पानावर जाऊन कंपनीचं नाव टाकलं, की तिथं काम करणारे माजी विद्यार्थी दिसतात. जुन्या नोकरीतले सहकारी, जे पुढे कन्सल्टिंगमध्ये गेले, ही दुसरी आणि खरं तर सगळ्यात भक्कम, कारण त्यांनी काम डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मराठी मंडळं, गणेशोत्सव, नाट्यसंस्था यांतून ओळख निघते, पण तिथून मिळालेली ओळख फक्त बोलणं सुरू करायला पुरते; पुढचं स्वतःच्या कामावर.

तिसरी जागा कुणाच्या लक्षात येत नाही. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, पणजी ही सगळी शहरं २०१५ मध्ये सुरू झालेल्या स्मार्ट सिटी योजनेत होती. अशा योजनांचं व्यवस्थापन बघायला सल्लागार कंपन्यांची माणसं नेमली जातात. रस्त्याचं मोजमाप करणारा ज्युनिअर इंजिनिअर, नकाशे बनवणारी मुलगी, कंत्राटदाराकडचा हिशेबनीस यांनी त्या लोकांबरोबर बैठका केलेल्या असतात, रात्री उशिरापर्यंत एक्सेल भरलेलं असतं. ती माणसं नंतर दुसऱ्या शहरात जातात, पण फोन नंबर राहतो. "तुम्ही पाठवलेली माहिती कधी चुकायची नाही" असं ज्यानं एकदा तोंडानं म्हटलं आहे, त्याच्याकडून आलेलं रेफरल दहा नातेवाइकांना भारी. कारखान्यात सल्लागार येऊन गेले असतील, ईआरपी बसवायला कुणी आलं असेल, तर तिथंही हेच लागू.

विचारायचं कसं

क्रम महत्त्वाचा आहे, आणि इथंच बहुतेकांची चूक होते. अनेक कंपन्यांच्या पोर्टलवर उमेदवारानं आधीच स्वतः अर्ज केलेला असेल, तर नंतर रेफरल जोडता येत नाही किंवा त्याची खूण बसत नाही. म्हणून आधी बोलणं, मग रेफरल, मग त्याच लिंकवरून अर्ज. ज्या ईमेलवर रेफरल आलं त्याच ईमेलनं अर्ज भरायचा. दुसरा पत्ता वापरला की यंत्रणेच्या हिशेबी ती दोन वेगळी माणसं होतात. आधीच अर्ज करून बसला असाल तर ते लपवू नये. काही ठिकाणी कर्मचारी भरती विभागाला वेगळा मेल टाकू शकतो, पण त्याला आधी माहीत तर हवं.

जाहिरातीचा क्रमांक हवाच. "कुठलीही जागा चालेल" हे वाक्य नम्र वाटतं, प्रत्यक्षात ते सगळं काम समोरच्याच्या गळ्यात टाकतं. आपल्याला बसणाऱ्या एक किंवा जास्तीत जास्त दोन जागा स्वतः शोधाव्यात, शहर आणि अनुभवाची अट तपासावी, मगच मेसेज करावा.

समजा, बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत तीन वर्षं क्वालिटी विभागात काम केलेली एक इंजिनिअर मुलगी आहे. तिला एका मोठ्या सल्लागार कंपनीत उत्पादन विभागाशी संबंधित जागा दिसली आहे आणि तिच्याच महाविद्यालयातली एक सीनियर तिथं आहे, जिला ती कधी भेटलेली नाही. तिचा पहिला मेसेज असा असू शकतो :

"नमस्कार मॅडम. मी तुमच्याच कॉलेजची, मेकॅनिकलची, तुमच्यानंतर पाच वर्षांनी पास झाले. सध्या फाउंड्रीत क्वालिटीत आहे. तुमच्या कंपनीच्या पुणे ऑफिसात ऑपरेशन्स ॲनालिस्टची जागा निघाली आहे. हे काम रोजच्या रोज कसं असतं, माझ्यासारखा शॉप-फ्लोअरचा अनुभव तिथं चालतो का, एवढं विचारायचं होतं. या आठवड्यात तुमच्या सोयीनं पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का? जमलं नाही तरी हरकत नाही."

यात रेफरलचा शब्द नाही, आणि तो मुद्दाम नाही. अनोळखी माणसाला पहिल्याच ओळीत "मला रेफर करा" म्हणणं म्हणजे न पाहिलेल्या माणसाला जामीन राहायला सांगणं. फोनवर बोलणं झालं, समोरच्या बाईंना मुलीचं काम कळलं, की पुष्कळदा त्याच म्हणतात, "सीव्ही पाठव, मी टाकते." नाही म्हणाल्या तर शेवटी सरळ विचारायला हरकत नाही : "माझं काम ऐकून तुम्हाला मी या जागेला बसते असं वाटतं का? वाटत असेल तर रेफर कराल का?" प्रश्न असा ठेवला की समोरच्याला अवघडल्याशिवाय नाही म्हणता येतं.

दादा-ताई म्हणावं की सर-मॅडम? पहिल्या मेसेजात सर-मॅडमच बरं. "अगं, ताई म्हण" असं समोरून आलं की मग मोकळीक. मेसेज मराठीत लिहायलाही हरकत नाही. समोरचा मराठी आहे हे नक्की असेल तर उलट फायदाच. पण पुढे पाठवायचा मजकूर वेगळा, आणि तो इंग्रजीतच.

हा दुसरा मजकूर फार कमी लोक देतात. कर्मचाऱ्याला फॉर्ममध्ये चार-पाच ओळी भराव्या लागतात आणि त्याला वेळ नसतो. त्या ओळी तयार करून दिल्या, की काम त्याच दिवशी होतं. आपल्या फाउंड्रीतल्या मुलीनं इंग्रजीत एवढंच लिहावं : जागेचा क्रमांक, तीन वर्षांचा अनुभव, एका भागाच्या कास्टिंगमधलं रिजेक्शन ९ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणलं, त्यासाठी पाळीनुसार वाळूच्या ओलाव्याची नोंद सुरू केली, पुण्याला यायची तयारी, नोटीस पीरियड किती दिवसांचा. "मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करणारी" असली विशेषणं नकोत. ती सगळ्यांच्याच सीव्हीत असतात. तीन टक्के कसे कमी केले हे ज्याला सांगता येतं, तो निम्मं कन्सल्टिंग आधीच शिकलेला असतो, आणि भरती करणाऱ्याला ते बरोबर दिसतं.

सीव्ही एका पानाचा, पीडीएफमध्ये, फाइलच्या नावात स्वतःचं नाव. 'फायनल-न्यू-२' असं नाव असलेली फाइल पुढे पाठवायला कुणालाही जिवावर येतं. आधार, पॅन, जन्मदाखला, पगाराची स्लिप यातलं काहीही रेफरलसाठी लागत नाही. ते नोकरीचा प्रस्ताव आल्यावर कंपनी स्वतः मागते.

एकाच कंपनीतल्या तिघांना एकदम विचारणं हा आणखी एक घात. यंत्रणा साधारणपणे पहिलंच रेफरल धरते. बाकी दोघांना "हा उमेदवार आधीच नोंदलेला आहे" असं दिसतं आणि दोघांचाही वेळ फुकट जातो. एकानं नाही म्हटलं किंवा आठवडाभरात उत्तर दिलं नाही, की मग दुसरा. आठवण एकदाच करावी. दुसऱ्या आठवणीनंतरही शांतता असेल तर तेच उत्तर समजावं.

नातं असेल तर लपवू नका

सख्खा भाऊ, चुलतभाऊ, नवरा-बायको कंपनीत असतील तर रेफरल चालत नाही असं नाही. पण बहुतेक कंपन्यांत नातं जाहीर करावं लागतं आणि एकानं दुसऱ्याच्या हाताखाली काम करायला मनाई असते. आडनाव वेगळं आहे म्हणून कळणार नाही, हा समज खोटा.

अर्जात आणखी एक प्रश्न असतो, ज्याला आपल्याकडची मुलं बिनदिक्कत 'नाही' लिहून मोकळी होतात : "तुमचा कोणी नातेवाईक सरकारी अधिकारी किंवा आमच्या ग्राहकाकडे मोठ्या पदावर आहे का?" हा प्रश्न उगाच नाही. सरकारी अधिकाऱ्यांच्या नातेवाइकांना कामाच्या आशेनं नोकऱ्या दिल्याच्या चौकशीत जेपी मॉर्गन या बँकेला २०१६ मध्ये अमेरिकन यंत्रणांना सुमारे २६.४ कोटी डॉलर भरावे लागले. ते प्रकरण चीनमधल्या अधिकाऱ्यांच्या मुलांचं आणि ओळखीच्यांचं होतं. सल्लागार कंपन्या महापालिका, राज्य सरकारं, बँकांसाठी काम करतात, त्यामुळे त्याही यात सावध असतात. मामा पालिकेत अभियंता असेल तर तसं लिहावं. लिहिल्यानं अर्ज बाद होत नाही, फार तर त्या पालिकेचं काम दुसऱ्याला देतात. लपवलेलं नंतर उघड झालं तर मात्र हातातली नोकरी जाऊ शकते. ऑडिट करणाऱ्या बिग फोर कंपन्यांत शेअर्स आणि नातेवाइकांच्या पदांबद्दल आणखी बारीक विचारणा होते, त्याचंही मूळ हेच.

पैसे मागितले की थांबा

रेफरलचं बक्षीस कंपनी आपल्या कर्मचाऱ्याला देते, तेही उमेदवार रुजू होऊन काही महिने टिकल्यावर. उमेदवारानं कुणाला काहीही द्यायचं नसतं. तरीही टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवर "अमुक कंपनीत रेफरल, इतके हजार" अशा जाहिराती फिरतात. त्यात दोन प्रकार. एकात माणूस खरा कर्मचारी असतो आणि अनोळखी मुलांची नावं पैसे घेऊन भरतो. कंपनीला कळलं की त्याची नोकरी जातेच, पण त्यानं भरलेल्या नावांवरही डाग राहतो. दुसऱ्यात सगळंच खोटं असतं : बनावट ऑफर लेटर, 'लॅपटॉपसाठी डिपॉझिट', 'व्हेरिफिकेशन फी'. मेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून आला आहे का, जागा कंपनीच्या अधिकृत करिअर पानावर दिसते का, एवढ्या दोन गोष्टी तपासल्या तरी बहुतेक फसवणूक उघडी पडते. पैसे गेलेच तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

घर गहाण टाकून दलालाला पैसे देणाऱ्या आई-वडिलांना बहुधा रेफरल म्हणजे काय हेच माहीत नसतं. मुलांनी घरात हे एकदा बसून सांगितलेलं बरं.

रेफरल झाल्यावर

लिंक आली की दोन-तीन दिवसांत अर्ज पूर्ण करावा, कारण तिची मुदत संपते. त्यानंतर गाठ पडते ती चाचणी आणि केस मुलाखतीशी. मॅकिन्सीची 'सॉल्व्ह' नावाची चाचणी संगणकावरच्या खेळासारखी असते. बाकीच्यांच्या चाचण्यांत आकडेमोड, तक्ते आणि तर्क असतो. केस मुलाखतीत साधारण अर्धा-पाऊण तास एखाद्या धंद्याचा प्रश्न सोडवायला देतात : दूध संघाचा नफा का घटला, नवा कारखाना काढावा की नाही. उत्तरापेक्षा विचार कसा मांडला ते बघतात. याची तयारी दोन-तीन महिने, जोडीदाराबरोबर मोठ्यानं बोलून करावी लागते. म्हणून तयारी झाल्याशिवाय रेफरल मागूच नये. रेफरलमुळे बोलावणं अपेक्षेपेक्षा लवकर आलं आणि मुलाखत वाया गेली, तर वर सांगितलेला थांबण्याचा काळ सुरू होतो. ज्या कंपनीत सर्वांत जास्त जायचं आहे तिथलं रेफरल शेवटी वापरावं, असं अनुभवी लोक सांगतात ते याचसाठी.

मधल्या काळात सुचवणाऱ्याला दर चार दिवसांनी "काही कळलं का?" विचारू नये, त्याला खरंच कळत नसतं. पण मुलाखतीची तारीख आली, नकार आला, दुसरीकडे नोकरी लागली, यातलं काहीही झालं की त्याला दोन ओळी पाठवाव्यात. ही साधी गोष्ट फार थोडे करतात. नकाराचा मेसेज आल्यावर बहुतेक मुलं लाजेनं गप्प बसतात आणि वर्षभरानं पुन्हा "नमस्कार सर" करून उगवतात. ज्यानं नकार आल्या दिवशीच कळवलेलं असतं, केसच्या कुठल्या भागात अडकलो तेही सांगितलेलं असतं, त्याला पुढच्या खेपेला तोच माणूस स्वतःहून फोन करून नव्या जागेचा क्रमांक देतो.